सोमवारचा उपवास आणि डेडलिफ्ट

प्रश्न : वय 34, वजन 58 किलो. दोन वर्षांपासून जिममध्ये वजनं उचलते. एरवी 50 किलोच्या डेडलिफ्टचे (बार जमिनीवरून उचलून सरळ उभं राहायचं) दहा-दहाचे तीन सेट व्यवस्थित होतात. श्रावणी सोमवारी मात्र संध्याकाळी सहाला गेले की दुसऱ्याच सेटला हातपाय गळतात. सकाळी अकराला साबुदाण्याची खिचडी खाते, मग दोन-तीन चहा. उपवास रात्री सोडते. ट्रेनर म्हणतो, उपवासात मसल्स जळतात, उपवास बंद करा. सासूबाई म्हणतात, जिम बंद कर. पुढे नवरात्रही आहे. काय करू? — एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही चालू ठेवा, डेडलिफ्टचा वार बदला. खरं तर इथेच उत्तर संपतं, पण ट्रेनर आणि सासूबाई दोघांनाही काहीतरी सांगावं लागेल, म्हणून पुढचं.

आमच्या कोल्हापूरच्या व्यायामाच्या हॉलवर बरीच पोरं शनिवार धरतात. मारुतीला नारळ फोडायचा आणि वजनाच्या बारखाली जायचं. त्यांनाही मी आधी हेच विचारतो, की उपवास कसला? एका बशीभर खिचडीत साधारण 75 ग्रॅम कोरडा साबुदाणा जातो. म्हणजे 65 ग्रॅमच्या आसपास निव्वळ पिष्ट, वर बटाटा. याला उपाशी राहणं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

शिवाय रविवारचं जेवणही अंगात असतं. स्नायूंत साधारण 400 ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठलेली असते, यकृतात 100 ग्रॅमच्या आसपास. रात्रभर पोट रिकामं राहिलं की यकृतातला साठा उतरतो, कारण त्याच्यावर मेंदूला चालवायचं असतं. मांडीतला साठा मात्र मांडीच वापरते, तिला तो रक्तात परत सोडता येत नाही. सोमवारी तुम्ही दिवसभर खुर्चीवर बसला असाल, तर संध्याकाळी तो बराचसा जागच्या जागी असतो.

मग अडतं कुठे? मला पहिला संशय पाण्याचा. दोन-तीन चहांवर दिवस काढलात. तुमच्या वजनाला सव्वा लिटर पाणी कमी पडलं, की ते दोन टक्के झालं, आणि तेवढ्यात दम लवकर लागायला लागतो. दुसरा संशय मिठाचा. एरवी आमटी, भाजी, लोणचं यांतून जाणारं मीठ त्या दिवशी नसतं. खिचडीतलं चिमूटभर सैंधव तेवढं. बार ठेवून सरळ उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर बहुधा हेच. ताकात मीठ घालून दुपारी दोन ग्लास प्या.

तिसरी गोष्ट मजेदार आहे. 2020 मध्ये इंग्लंडच्या संशोधकांनी वजनं उचलणाऱ्या पुरुषांना एका सकाळी नुसतं पाणी दिलं, एकदा पिष्ट घातलेली दाट पेज, आणि एकदा तशीच दाट, पण जवळजवळ काहीच कॅलरी नसलेली पेज. पाण्यावर आले तेव्हा स्क्वॉटच्या (खांद्यावर बार घेऊन उठाबशा) रेप्स, म्हणजे सेटमधल्या उठाबशांची संख्या, कमी झाल्या. दोन्ही पेजांवर त्या सारख्याच वाढल्या! भूक लागली आहे ही जाणीवच रेप्स खाते. तुम्ही अकराला खाऊन सहाला जाता. साडेचारला एक केळं आणि वाटीभर दही खाऊन पाहा.

आता मसल्स जळण्याबद्दल. एका सोमवारने काहीही जळत नाही. ट्रेनरची काळजी नवरात्रात खरी ठरू शकते, आणि तिथे दोष उपवासाचा कमी, साबुदाण्याचा जास्त. त्यात प्रोटीन नसल्यातच जमा आहे. तुमच्या वजनाला, व्यायाम धरून, दिवसाला 90 ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं. खिचडी, वरईचा भात, दोन कप दूध एवढ्यावर तिशीही गाठत नाही. दाण्याचा कूट सढळ हाताने घाला (100 ग्रॅम शेंगदाण्यांत 25 ग्रॅम), साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, आणि रोज 150 ग्रॅम पनीर. व्हे पावडर हाही दुधाचाच पदार्थ. तो उपवासाला चालतो का, हे सासूबाईंना विचारा. मी त्या भानगडीत पडत नाही.

नवरात्रात बारवरचं वजन कमी करू नका, एकूण रेप्स कमी करा. नेहमीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या रेप्स केल्या तरी ताकद काही आठवडे टिकते, त्यामुळे नऊ दिवस हा प्रश्नच नाही. दहाच्या तीन सेटऐवजी तीन-तीन रेप्सचे चार सेट, मध्ये तीन मिनिटं बसायचं. असा छोटा सेट दहा-पंधरा सेकंदांत संपतो, तो स्नायूंत तयार असलेल्या क्रिएटिन फॉस्फेटवर (झटपट ऊर्जेचा छोटा साठा) निघतो. श्रावणात डेडलिफ्ट रविवारी घ्या, सोमवारी हलकं काहीतरी.

हरतालिका निर्जळी करत असाल तर त्या दिवशी हॉलची पायरीही चढू नका. आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : मी 21 वर्षांचा. सकाळी उपाशीपोटी व्यायाम केला तर चरबी जास्त जळते म्हणतात. खरं का? — एक वाचक, बार्शी

उत्तर : त्या तासाभरात जास्त जळते, हो. पण शरीर दिवसाअखेर हिशोब जुळवून टाकतं. खाणं तेवढंच असेल तर महिन्याभराने कमरेत फरक दिसत नाही. सकाळी उठून खायला नको वाटत असेल, तर पाणी पिऊन जा आणि आल्यावर चार अंडी खा. तिथे जांभया येत असतील, तर खाऊन जा.