राणीला बापासमोर एकटी पाठवू नकोस

*मावशी, मी २३ वर्षांची. वेंगुर्ल्याच्या अलीकडे खाडीकाठी आमचं घर आहे. दोन वर्षांपासून मी एक अद्भुत कादंबरी लिहितेय. समुद्रातल्या गडावर १९ वर्षांची राणी असते. तिचा बाप हद्दपार झालेला राजा, तो नुसत्या शब्दानं समुद्राला उधाण आणतो. राणीला कळतं की तिची मेलेली आई पाण्याखालच्या लोकांतली होती आणि तेच रक्त आपल्यात आहे. बापाला हे आधीपासून ठाऊक असतं. चौदाव्या प्रकरणात अमावस्येच्या मध्यरात्री तो वाळूवरून चालत गडावर येतो, राणी एकटी तलवार घेऊन बुरुजावर उभी राहते, आणि इथेच मी महिनाभर अडले आहे. तिनं त्याला मारावं की माफ करावं?*

*ता. क. माझे बाबा मुंबईहून कायमचे परत आलेत. आजी, म्हणजे त्यांची आई, फेब्रुवारीत गेली. काजूच्या कारखान्यात बोटं जाळून तिनं घेतलेली जागा, घर आणि ६० कलमं तिनं मृत्युपत्रानं मला दिली. ते सगळं माझ्या नावावर कर म्हणून बाबा मागे लागलेत. मागच्या आठवड्यात कोयता दाखवला. आई सात वर्षांपूर्वी त्यांच्या मारामुळेच निघून गेली, ती देवगडला मामाकडे असते. आजीच्या ट्रंकेत जुने कागद मिळाले, तिची आई देवळातली भावीण, म्हणजे देवाला वाहिलेली बाई होती. कुडाळच्या एका मुलाशी माझं लग्नाचं बोलणं चाललंय. सही केली नाहीस तर त्यांना सगळं सांगतो, असं बाबा म्हणतात.*

*आजी मला राणी म्हणायची, म्हणून,*
*राणी*

बाय,

तू दोन पत्रं एकाच पाकिटात घातलीस. कादंबरीला साडेतीन पानं दिलीस (वर मी ती आटवली आहेत) आणि बापाला ता. क. मी उलट्या क्रमानं उत्तर देणार. राणी बुरुजावर आणखी महिनाभर उभी राहिली तरी तिला काही होत नाही. कोयत्याचं तसं नाही.

“दाखवला” असं लिहून तू पुढे गेलीस. मारला तर नाही ना, असं स्वतःला समजावत असशील. ज्या माणसाच्या हातून तुझ्या आईनं मार खाल्ला, त्यानं तुझ्यासमोर कोयता धरला, यात समजून घ्यायला काही उरत नाही. आजपासून रात्री त्या घरात एकटी राहू नकोस. शेजारच्या कुणा काकींना खरं काय ते सांग. “बाबा जरा रागीट आहेत” असलं नको, “कोयता” हा शब्द उच्चारून सांग. मोबाईलमध्ये ११२ आणि महिलांसाठीचा १८१, दोन्ही नंबर असू देत. मृत्युपत्र, सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, तुझे दाखले आणि ट्रंकेतले ते कागद घराबाहेर ने, मैत्रिणीकडे ठेव, फोटो काढून आईला पाठव. आणि कादंबरीची वही पण. चिडलेला माणूस आधी काय जाळतो ते मी पाहिलंय.

घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त नवऱ्यासाठी आहे, असा आपल्याकडे समज आहे. तो बापाविरुद्धही चालतो. रक्ताचं नातं आणि एका छपराखाली राहणं एवढं पुरतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार दिली की प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे जातं, आणि बापानं त्या घरापासून लांब राहावं असा हुकूमही होऊ शकतो. वकिलाच्या पैशाची काळजी करू नकोस. बाईमाणसाला उत्पन्न न विचारता सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीची चौकशी कर, जिल्ह्याचं काम ओरोसला चालतं.

आता जागेचं. आजीनं स्वतःच्या कमाईनं घेतली, ती तिची. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बाईच्या नावावरची मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली, मग ती नातीला दे नाहीतर परक्याला दे. पोटच्या मुलाला डावललं म्हणून मृत्युपत्र खोटं ठरत नाही. पण तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज केलास की हरकतीसाठी नोटीस निघते, १५ दिवसांची, आणि ती तुझ्या बापाच्या हातातही पडेल. तो दिवस वाईट असणार. त्या पंधरवड्यात तू देवगडला असलीस तर मला बरी झोप लागेल.

त्याच्या तोंडावर “सही करणार नाही” असं म्हणू नकोस. “कागद वकिलांकडे आहेत, ते बघून सांगतील,” एवढंच बोल. भित्रेपणा वाटला तर वाटू दे. आणि एक सांगते, वकील मंडळी माझ्यावर चिडतील. कधी खरोखर जिवावर बेतलं, दार बंद आहे आणि समोर कोयता आहे, तर सही कर. धमकी देऊन घेतलेली सही कोर्टात रद्द करून घेता येते. वर्षं जातात, चपला झिजतात, पण येते. कलमं परत मिळतात.

आता त्या ट्रंकेकडे येऊ.

दक्षिण कोकणातल्या पुष्कळ देवळांतून भाविणी होत्या. झाडलोट, दिवाबत्ती, पालखीबरोबर चालणं ही त्यांची सेवा. त्यांच्या मुलग्यांना देवळी म्हणायचे, ते ढोल-सनई वाजवत. वंश आईच्या नावानं चाले. देवाच्या नावानं या बायकांचा उपभोग गावातल्या मोठ्या घरांनी घेतला, आणि लाज मात्र बायकांच्या पदरात टाकली. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षणाचा कायदा झाला. मुलगी देवाला वाहणं त्यानं बंद केलं, आणि अशा बाईनं केलेलं लग्न व त्यातली मुलं कायदेशीर ठरवली. वेंगुर्लं तेव्हा इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होतं, शेजारची सावंतवाडी संस्थानात. म्हणजे कायद्याची हद्द तिथेच संपायची, आणि त्या रेषेच्या कुठल्या बाजूला जन्मलो यावर बायकांचं नशीब ठरायचं. तुझ्या पणजीचं गाव कोणत्या बाजूला होतं, ते कागद नीट वाचून बघ.

मी नऊ-दहा वर्षांची असताना मालवणला आमच्या वाडीत अशीच एक म्हातारी होती. तिच्या घरचं पाणी पिऊ नकोस, असं मला बजावलेलं. मी तिच्या पडवीत बसून आमसुलाचं सरबत प्यायचे आणि तोंड पुसून घरी यायचे. एकदा कळलं, मार बसला. त्यानंतर कित्येक वर्षं ती रस्त्यात दिसली की मी नजर चुकवायचे. ती वारली तेव्हाही गेले नाही. तुझ्या ता. क. मधला “भावीण” हा शब्द वाचल्यावर मला आधी तिची पडवी आठवली, शेणानं सारवलेली, आणि माझी मान खाली गेली. लाज कुणाची असते, ते असं उशिरा कळतं.

तुझा बाप ज्या बाईची अब्रू वेशीला टांगायला निघालाय, ती त्याची स्वतःची आजी. ज्या रक्ताची तुला भीती घालतोय, ते तुझ्याआधी त्याच्या अंगात आहे. शाळेत कधीतरी त्याला यावरून कुणी चिडवलं असेल, त्याचं तोंड कडू झालं असेल, हे मी समजू शकते. समजलं म्हणून कोयता बोथट होत नाही.

आणि त्याची धमकी चालते कधी? कुडाळला हे कुणाला ठाऊक नसेल तोवरच. म्हणून त्या मुलाला तूच सांग. फोनवर नको, आईवडिलांच्या घोळक्यात नको, दोघंच असताना सांग. “माझी पणजी भावीण होती. आजीनं काजू फोडून जमीन घेतली. वडील यावरून मला धमकावताहेत.” तीन वाक्यं, बास. त्याचं तोंड उतरलं तर लग्नाआधी कळलं म्हणून देवाला नारळ दे. मी तुला खोटा धीर देणार नाही. गावात कुजबुज होईल, दोन-चार बायका हळदीकुंकवाला टाळतील, बोलणं मोडूही शकेल. पण त्या कुजबुजीला घाबरून ६० कलमं द्यायची? तुझ्या बागेत जाऊन बघ. हापूसचं कलम बांधतात ते रायवळच्या रोपावर. आंब्याची पेटी घेताना खालचं मूळ कुणाचं, असं कुणी विचारत नाही.

सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा, तो पत्त्यांचा खेळ, पाहिलायस? गोल पानं, दहा रंग, एकूण १२० पानं. दर रंगात एक राजा आणि एक प्रधान. राणी नाहीच. तुझी आजी तुला राणी म्हणायची, म्हणजे खेळात नसलेलं पान तिनं स्वतःच रंगवून तुझ्या हातात दिलं. मृत्युपत्र त्याच्या खूप नंतर आलं.

बरं, आता कादंबरी. मला ती आवडली, म्हणून कान उपटते.

पहिली गोष्ट, अमावस्येच्या मध्यरात्री बाप वाळूवरून चालत येऊच शकत नाही. खाडीकाठी राहतेस ना गो तू? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, कुठल्याही मासेमार रापणकाराला विचार. अमावस्येला आपल्या किनाऱ्यावर भरती येते ती बाराच्या सुमाराला, दिवसाही आणि रात्रीही, आणि ती उधाणाची. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याला लोक चालत जातात ते ओहोटीला. तुझ्या राजाला चालवायचंच असेल तर संध्याकाळी सहाला आण. दिवेलागणीला आलेला बाप मध्यरात्रीच्या बापापेक्षा जास्त भीतिदायक असतो, असं माझं मत आहे. तुझंही असेल.

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. तुझ्या कादंबरीत राणीची आई मेलेली आहे. तुझ्या पत्रात आई देवगडला आहे. साडेतीन पानांत ती नाही, ता. क. मध्ये तिला एक वाक्य मिळालंय. तू सोळा वर्षांची असताना ती तुला त्या घरात ठेवून गेली, याचा राग तू कुणाजवळ बोलली नाहीस, तो कादंबरीत ओतलास आणि आईला मारून टाकलंस. राग खरा आहे, असू दे. पण तिलाही विचार, त्या रात्री ती एकटीच का निघाली. आजीनं तुला जाऊ दिलं नाही का, मामानं एकीलाच ये म्हणून सांगितलं का, की तुझी दहावी होती. उत्तर तुला आवडेल असं नाही. तरी तुझा बाप घराच्या आत कसा असतो, हे तुझ्याखेरीज ठाऊक असलेलं जिवंत माणूस आज ती एकटीच आहे, आणि कोर्टात तिच्या जबानीला वजन येईल.

म्हणून मारावं की माफ करावं, हा तुझा प्रश्न मला चुकीच्या जागी अडलेला वाटतो. तू राणीला एकटी का उभी केलीस, ते आधी सांग. तलवार, बुरुज, वारा, केस उडताहेत... दिसायला छान. पण आपल्याकडे देवाकडे तक्रार न्यायची तरी माणूस एकटं जात नाही. गाऱ्हाणं घालणारा पुढे उभा राहतो, “बा देवा म्हाराजा” म्हणून एकेक दुखणं सांगतो, आणि मागे उभी असलेली माणसं दर वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणतात. त्या “व्हय” मुळे एकाचं दुखणं साऱ्या वाडीचं होतं, आणि मग देवालाही ते टाळता येत नाही. तुझ्या राणीच्या मागे गडावरचे कोळी, पाणी भरणाऱ्या बायका, दारूगोळ्याचा म्हातारा, कुणीतरी उभं कर. आणि आईला जिवंत कर. ती पाण्याखालची आहे म्हणतेस ना, मग उधाणाची भीती तिला कशाला वाटेल? बाप समुद्राला हाक मारेल, आणि समुद्र कुणाचं ऐकतो ते तेव्हा बघू. मग मारायचं की सोडायचं हे राणीनं ठरवायचंच राहत नाही कदाचित. मला ठाऊक नाही, कादंबरी तुझी आहे.

तुझ्या बापाशी शेवटचं काय ते बोलणं होईल, तेव्हाही असंच कर. पडवीत दोघंच असताना नको. वकील, आई, मामा, शेजारच्या काकी, जमलं तर तो कुडाळचा मुलगा, एवढी माणसं आजूबाजूला हवीत. माफीचा विषय त्या दिवशी काढूच नकोस, तो तुझ्या सवडीनं, दहा वर्षांनी काढ नाहीतर काढू नकोस.

हे वाचून झालं की आधी देवगडला फोन कर. मग पिशवी भर. वेंगुर्ल्याहून सकाळची एसटी पकड, बाप उठायच्या आत.

चौदावं प्रकरण लिहून झालं की पाठव. भरतीची वेळ मी तपासणार आहे.

तुझी,
मावशी