घानाला तीन महिने व्हॉलंटियरिंग, तेही नोकरी सोडून? आधी हिशोब करूया

या वेळचा प्रश्न पुण्याच्या एका ताईंचा आहे. वय 31, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये जॉब, हातात 82 हजार येतात. लग्न केलेलं नाही, आई-बाबा साताऱ्याला असतात, बाबा 63 चे आणि त्यांना शुगर, बीपी दोन्ही. एफडी 5 लाख, म्युच्युअल फंडात 6 लाख 40 हजार, पीएफ वेगळा. त्यांना घानाला केप कोस्टला जाऊन 12 आठवडे शाळेत शिकवायचंय आणि एका अनाथाश्रमातही काम करायचंय. एजन्सी 3,100 डॉलर मागतेय, राहणं-जेवण-एअरपोर्ट पिकअप धरून. विमान वेगळं, अदिस अबाबावरून जाऊन-येऊन 95 हजार. प्लॅन असा की नोकरीचा राजीनामा द्यायचा, एफडी फार मोडायला नको म्हणून 3 लाखाचं पर्सनल लोन काढायचं आणि जायचं. विचारलंय, "सर, करू का? की वेडेपणा आहे?"

वेडेपणा नाहीये. उलट 31 व्या वर्षी, डोक्यावर कर्ज नसताना असं काही करायचं नाही तर मग कधी करायचं. आणि "इथे आपल्याकडे कमी गरज आहे का, गडचिरोलीला जा की" हे मी सांगणार नाही, ते सांगायला नातेवाईक आहेत. पैसे तुमचे, इच्छा तुमची. माझं म्हणणं एवढंच की जा, पण या पद्धतीने नको, कारण तुम्ही हिशोब 3,100 डॉलरचा करताय आणि खरा खर्च त्याच्या तिप्पट आहे.

डॉलर 90 चा धरतो. फीचे 2 लाख 79 हजार. विमान 95. व्हिसा, यलो फीव्हरची लस, मलेरियाच्या गोळ्या, ट्रॅव्हल इन्शुरन्स मिळून 30 हजार ठेवा. तिकडे हातखर्च, वीकेंडचं फिरणं, सिम, ट्रो-ट्रोचं भाडं (म्हणजे आपली वडाप) याला महिन्याला 200 डॉलर धरले तर तीन महिन्यांचे 54 हजार. पुण्याच्या फ्लॅटमधला तुमचा वाटा 14 हजार आहे, रूम सोडणार नाही म्हणताय, म्हणजे 42 हजार तेही. झाले बरोब्बर 5 लाख. आता तीन महिने पगार नाही, 2 लाख 46 हजार गेले. आणि परत आल्यावर दुसऱ्या दिवशी जॉब मिळतो असं नाही, टेस्टिंगचं मार्केट सध्या कसं आहे ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, तीन महिने शोधण्यात गेले तर अजून 2 लाख 46 हजार. तिकडे असताना इथला जेवणाखाण्याचा खर्च वाचेल, महिना 25 हजार सांगितलाय तुम्ही, ते 75 हजार वजा करू. तरी सव्वानऊ लाखाच्या आसपास जातं. ब्रोशरवर मात्र 3,100 लिहिलेलं असतं.

आता ते लोन. 3 लाख, 14 टक्के, तीन वर्षं, ईएमआय पडेल साधारण 10,250 आणि एकूण व्याज 69 हजार. एफडी मोडली तर बँक अर्धा-एक टक्का व्याज कापते, बस. म्हणजे एफडी 'वाचवायला' तुम्ही 69 हजार देणार, आणि त्या एफडीच्या व्याजावर टॅक्सही भरणार. शिवाय पर्सनल लोन तुमच्या सॅलरी स्लिपवर मिळतंय, राजीनामा द्यायचं पक्कं ठरवून त्याच स्लिपवर लोन काढायचं हे मला पटत नाही, आणि पगार बंद असताना ईएमआय चालू राहणं तर अजिबातच नाही. मी तुमच्या प्लॅनप्रमाणे सहा महिने पुढे जाऊन बघितलं: ट्रिपचे 5 लाख, त्यात लोनचे 3, एफडीतले 2, तिकडे असतानाचे तीन ईएमआय, घरी पाठवता ते 8 हजार महिना, मग जॉब शोधतानाचे तीन महिने. शेवटी एफडीत पाऊण लाख उरतात आणि डोक्यावर लोनचे बरेचसे हप्ते. एसआयपी तोवर बंदच.

पण मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे नाहीच. तुम्ही मेलमध्ये एका ओळीत लिहिलंय, "आई-बाबांचं मेडिक्लेम कंपनीकडूनच आहे." ताई, ही ओळ सगळ्यात वर हवी होती. राजीनामा दिला की ज्या दिवशी लास्ट वर्किंग डे, साधारण त्याच दिवशी ग्रुप कव्हर संपतं, तुमचंही आणि त्यांचंही. 63 वर्षांचे, शुगर-बीपी असलेले बाबा साताऱ्यात, तुम्ही केप कोस्टला, आणि कव्हर शून्य. एक अँजिओप्लास्टी झाली की हा सगळा हिशोब फाडून टाकावा लागेल. म्हणून घानाला जा किंवा नका जाऊ, आई-बाबांची स्वतंत्र पॉलिसी आत्ता घ्या, नोकरी असतानाच. नवीन पॉलिसीत जुन्या आजारांना वेटिंग असतं, जास्तीत जास्त तीन वर्षं, ते वेटिंग कंपनीचं कव्हर चालू असताना संपत गेलेलं बरं. प्रीमियम दोघांचा मिळून 50-60 हजारांच्या घरात धरून चाला. आणि प्रपोजल फॉर्ममध्ये शुगर, बीपी, गोळ्या सगळं लिहा, एजंट "कशाला लिहिता" म्हणाला तर एजंट बदला. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झालाय, तेवढं तरी बरं. जुन्या टॅक्स रिजीममध्ये असाल तर सीनियर सिटिझन आई-वडिलांसाठी 80डी मध्ये 50 हजारांपर्यंत वजावट, नव्यात असाल तर विसरा.

आता फीबद्दल बोलतो, कारण पैशाचा सल्ला म्हणजे फक्त किती जातात एवढंच नाही, कुठे जातात तेही आलं. घानामध्ये कॉलेज संपलं की एक वर्ष नॅशनल सर्व्हिस कंपल्सरी असते, बरीच पोरं-पोरी गावोगावच्या शाळांमध्ये शिकवायला पाठवली जातात. त्यांना महिन्याला भत्ता मिळतो 715 सेडीच्या (तिथलं चलन) आसपास, म्हणजे आपले चार ते सहा हजार, सेडीचा रेट कुठला पकडता त्यावर. ही पोरं इंग्लिश बोलतात, शिवाय मुलांची घरची भाषाही अनेकदा त्यांना येते, केप कोस्टला फांटी चालते. मग 2 लाख 79 हजार देऊन तुम्ही तिथे जे शिकवणार ते त्या पोरीपेक्षा वेगळं काय, हा प्रश्न स्वतःला विचारा. जाऊ नका म्हणून नाही, काय काम करायचं ते नीट निवडा म्हणून. तुम्ही टेस्टर आहात, तुम्हाला कॉम्प्युटर, एक्सेल, डेटा नीट ठेवणं येतं. शाळेच्या शिक्षकांना रिझल्ट शीट, हजेरी, साधं रिपोर्टिंग शिकवलंत तर तुम्ही परत आल्यावरही ते चालू राहील.

अनाथाश्रम मात्र यादीतून काढाच, इथे मी कडक बोलतोय. घाना सरकारने 2000 च्या दशकातच अशा संस्थांमधली मुलं घरी किंवा नातेवाइकांकडे परत नेण्याचं धोरण सुरू केलं, कारण तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा बाबा हयात असल्याचं दिसलं. परदेशी पाहुणे आणि देणग्या येतात म्हणून मुलं ठेवली जातात असा तो सगळा प्रकार. एजन्सीला एकच विचारा, मुलांसोबत काम करायचंय तर माझं पोलीस व्हेरिफिकेशन का नाही मागितलं? पैसे भरले की कोणालाही मुलांमध्ये सोडतात अशा जागी तुम्ही जाऊ नये आणि तुमचे पैसेही जाऊ नयेत. दुसरं विचारा, 3,100 मधले शाळेला किती जातात, यजमान कुटुंबाला किती, आणि व्हिसा नाकारला तर किती परत. लेखी मागा. उत्तर गोलमोल आलं तर तेच उत्तर समजा. "अर्ली बर्ड 15 तारखेपर्यंत" वगैरे प्रेशरला बळी पडू नका, केप कोस्ट कुठे जात नाही, शेजारचा एल्मिनाचा किल्ला 1482 पासून उभा आहे, पुढच्या वर्षीही असेल.

मग करायचं काय. मी असा प्लॅन सुचवतो. 12 ऐवजी 6 आठवडे, राजीनामा न देता. शिल्लक पीएल (भरपगारी रजा) टाका आणि उरलेल्याला अनपेड लीव्ह मागा. पीएल किती आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीये, त्यामुळे मी सगळेच दिवस बिनपगारी धरतो, म्हणजे 1 लाख 23 हजार गेले. एचआरकडून ईमेलवर घ्या की अनपेड लीव्हमध्ये ग्रुप मेडिक्लेम चालू राहतं, तोंडी "हो हो" नको. एजन्सी टाळून एखाद्या स्थानिक संस्थेशी किंवा शाळेशी थेट बोला, राहणं-जेवणाचे दिवसाला 20 डॉलर धरले तर 42 दिवसांचे 840, म्हणजे 76 हजारांच्या आत. विमान 95, व्हिसा-लस-इन्शुरन्स 30, हातखर्च 27, पुण्याचं भाडं 21. झाले अडीच लाख, बुडालेला पगार धरून पावणेचार, इथला वाचलेला खर्च वजा केला की साडेतीनच्याही आत. सव्वानऊ कुठे आणि हे कुठे. थेट शोधण्यात वेळ जातो हे खरं, तो वेळ आहे तुमच्याकडे, कारण मी तुम्हाला लगेच जायला सांगतच नाहीये.

दहा महिने थांबा. तुमच्या आकड्यांवरून भाडं, खर्च, घरचे आणि 15 हजारांची एसआयपी जाऊन महिन्याला 20 हजार उरतात, त्याची आरडी लावा, 2 लाख झाले. एफडीतले 2 लाख 80 हजार इमर्जन्सी म्हणून बाजूला, ते सहा महिन्यांच्या खर्चाचे आहेत, त्यांना घाना दिसत नाही असं समजा. उरलेल्या 2 लाख 20 हजारांतून आई-बाबांचा पहिला प्रीमियम भरा आणि बाकीचे ट्रिपला. लोन लागत नाही, फंडांना हात लागत नाही, पीएफला तर नाहीच नाही. या दहा महिन्यांत यूएन व्हॉलंटियर्सचं ऑनलाइन व्हॉलंटियरिंग करून बघा, फुकट आहे, घरबसल्या आफ्रिकेतल्या संस्थांसाठीही काम मिळू शकतं, हे काम खरंच आवडतंय का ते तिकिटाआधी कळेल. आणि पुढे मोठा मुक्काम करायचाच झाला तर यूएनव्हीच्याच इंटरनॅशनल पोस्टिंगला ते तुम्हाला राहणीमान भत्ता देतात, तुम्ही त्यांना फी नाही देत.

जायचं ठरलं की काही बारीकसारीक, पण पैशाचंच. सेडी हे चलन बेभरवशाचं आहे. डिसेंबर 2022 मध्ये तिथली महागाई 54 टक्क्यांवर गेली होती, सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, मग आयएमएफ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, आलं. उलट 2025 च्या सुरुवातीला डॉलरला 15 च्या आसपास सेडी मिळत होते आणि जूनपर्यंत 10-11 वर आले. म्हणजे तेच 600 डॉलर आधी 9,000 सेडी आणि नंतर सहा हजार तीनशे, मार्केटमधल्या केळ्यांचा भाव काही तेवढा उतरत नाही. म्हणून हातखर्चात पाव हिस्सा जास्त ठेवा आणि सेडी लागतील तसे घ्या, एकदम बदलून ठेवू नका. रोख डॉलर एका ट्रिपला 3,000 पर्यंत नेता येतात, तेवढे न्यायची गरज नाही, 400-500 शंभरच्या कोऱ्या नोटांत, बाकी कार्डावर. आपल्या बहुतेक कार्डांवर परदेशातल्या खर्चावर साडेतीन टक्क्यांच्या आसपास मार्कअप, म्हणजे जादा शुल्क, लागतो, शून्य मार्कअपवालं घ्या. तिथे भाजीवालीपासून ट्रो-ट्रोपर्यंत मोबाइल मनी चालतं, मोमो म्हणतात, पासपोर्टवर सिम घेऊन चालू करता येतं.

टीसीएसची (परदेशी पैसे पाठवताना आधीच कापला जाणारा टॅक्स) भीती घातली असेल कोणी, तर साधे पैसे पाठवण्यावर वर्षाला 10 लाखांपर्यंत लागत नाही. पण इथल्या एजन्सीने टूर पॅकेज म्हणून बिल केलं तर पहिल्या रुपयापासून लागतो, रिटर्नमध्ये परत मिळतो पण तोवर अडकतो. परदेशी संस्थेला दिलेल्या पैशावर 80जी, म्हणजे देणगीवरची टॅक्स सूट, मिळत नाही, एजन्सीवाला काहीही म्हणो.

यलो फीव्हरची लस जायच्या किमान 10 दिवस आधी, ते पिवळं कार्ड घानात शिरताना लागतं आणि परत भारतात उतरतानाही, नसेल तर इथे क्वारंटाइन करतात. मलेरिया तिथे वर्षभर असतो, गोळ्या डॉक्टरला विचारून घ्या, काही गोळ्या परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात, मध्येच सोडून पैसे वाचवायचे नाहीत. ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना व्हॉलंटियर काम चालतं का आणि मेडिकल इव्हॅक्युएशन (गंभीर आजारात दुसरीकडे हलवण्याचा खर्च) आहे का हे दोनच प्रश्न विचारा, स्वस्त पॉलिसी इथेच अडकते. व्हेज खात असाल तर तिथला 'वाचे' (waakye) म्हणजे भात-चवळी मस्त लागतो, पण वर घालतात त्या काळ्या शितो चटणीत सुकी मासळी असते, आधी विचारून घ्या.

आणि भारतातलं सिम इंटरनॅशनल रोमिंगवर चालू ठेवूनच निघा, निदान एसएमएस येण्यापुरतं. बँकेचा, कार्डाचा, विम्याचा प्रत्येक ओटीपी त्यावरच येणार आहे. पुण्यातून निघायच्या आधी एकदा बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशातले व्यवहार चालू करून, लिमिट टाकून, आणि एफडी-फंडांचे नॉमिनी तपासून ठेवा. बाबांना नव्या पॉलिसीचं कार्ड आणि साताऱ्यातल्या कॅशलेस हॉस्पिटलची यादी छापून द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ ऐनवेळी कोणाला सापडत नाही.