घरच्या गेम सर्व्हरसाठी पोर्ट फॉरवर्ड करणं कितपत धोक्याचं आहे?

चार-पाच मित्रांसोबत खेळण्यासाठी जुन्या लॅपटॉपवर माइनक्राफ्टचा सर्व्हर टाकायचाय, पण राउटरवर २५५६५ हा पोर्ट उघडला तर कुणी घरच्या नेटवर्कमध्ये शिरेल का, अशी तुमची शंका आहे.

एक पोर्ट उघडल्याने सगळं घर उघडं पडत नाही. बाहेरून २५५६५ वर जे येईल ते राउटर त्या एका लॅपटॉपच्या एका पोर्टकडे पाठवतो, बाकी सगळं आधीसारखंच अडवतो. गेम सर्व्हर बंद असेल तर त्या पोर्टवर उत्तर द्यायलाही कुणी नसतं. त्यामुळे तुमची सुरक्षितता बहुतांशी दोन गोष्टींवर ठरते: पोर्टमागचा प्रोग्राम किती पक्का आहे, आणि तो फोडला गेलाच तर त्या लॅपटॉपवरून कुठवर पोचता येतं.

डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉगफोरशेल' नावाची त्रुटी उघड झाली. माइनक्राफ्टचा जावा सर्व्हर लॉग लिहायला लॉगफोरजे ही लायब्ररी वापरतो. चॅटमध्ये विशिष्ट मजकूर टाइप केला की तो लॉगमध्ये लिहिताना सर्व्हर बाहेरून कोड आणून चालवू शकत होता. राउटरची सेटिंग अगदी बरोबर असलेले सर्व्हरही त्यात सापडले, कारण दोष प्रोग्राममध्येच होता. १.१८.१ या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. म्हणून माझा पहिला आग्रह अपडेटचाच असतो. मॉडपॅकसाठी (गेममध्ये बदल करणाऱ्या मॉडच्या संचासाठी) जुनी आवृत्ती ठेवणं भाग असेल, तर तिच्यावर ही दुरुस्ती बसवली आहे ना हे आधी बघा.

'माझा आयपी पत्ता कुणाला माहीत आहे?' या भरवशावर मात्र राहू नका. आयपीव्ही४ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी, अजूनही रूढ पद्धत) चे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी, आणि झीमॅप हे साधन २०१३ मध्ये आलं तेव्हाच एका गिगाबिट जोडणीवरून त्या सगळ्यांवरचा एखादा पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासता येत होता. तुमचा सर्व्हर शोधला जाणार हे धरूनच चाला. पोर्टचा आकडा बदलल्याने अनोळखी येणारे कमी होतात, थांबत नाहीत.

व्हाइटलिस्ट, म्हणजे फक्त यादीतल्या खेळाडूंनाच आत घेण्याची सोय, पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. ऑनलाइन मोड बंद करू नका, कारण तो बंद असला की खात्याची पडताळणी होत नाही आणि व्हाइटलिस्टमधल्या मित्राचं नाव घेऊन कुणीही आत येतो. पण व्हाइटलिस्टसुद्धा त्याच प्रोग्रामचा भाग आहे, तेव्हा तिच्यामुळे अपडेट टाळता येत नाही.

राउटरवर डीएमझेड हा पर्याय दिसेल. तो वापरू नका, त्याने त्या लॅपटॉपचे सगळेच पोर्ट बाहेर उघडतात. दुरून सर्व्हर सांभाळायचा आरकॉनचा पोर्ट २५५७५, तसाच रिमोट डेस्कटॉपचा ३३८९, हे फॉरवर्ड करू नका. आरकॉन तर पासवर्डही एन्क्रिप्ट न करता पाठवतो. यूपीएनपीही बंद करा, नाहीतर घरातला कुठलाही प्रोग्राम तुम्हाला न विचारता राउटरवर पोर्ट उघडून घेतो.

लॅपटॉप जुना आहे हे उलट बरंच आहे. त्यावर बँकेचं काम, कामाच्या फाइली, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काही ठेवू नका. सर्व्हर अ‍ॅडमिनच्या खात्यातून न चालवता साध्या वेगळ्या खात्यातून चालवा. राउटरवर वेगळं नेटवर्क करायची सोय असेल तर लॅपटॉप त्यात टाका, म्हणजे तिथून घरातल्या इतर मशिनपर्यंत वाट राहत नाही. आणि मॉड कुठून घेताय ते पाहा: जून २०२३ मध्ये फ्रॅक्चरायझर हे मालवेअर कर्सफोर्ज या मॉडच्या संकेतस्थळावरच्या मॉडमधून पसरलं होतं. अशा वेळी पोर्ट बंद असूनही उपयोग नसतो.

हे सगळं लिहूनही, तुमच्यासारख्या चार-पाच ओळखीच्या खेळाडूंसाठी मी पोर्ट उघडणारच नाही. टेलस्केल किंवा वायरगार्ड या व्हीपीएन साधनांनी सगळ्यांना एका खासगी नेटवर्कमध्ये घेईन. वायरगार्ड स्वतः उभारलंत तर त्याचा एक पोर्ट उघडावा लागतो, पण योग्य किल्ली नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. टेलस्केलला बहुधा तेही लागत नाही. मित्रांना एक अ‍ॅप टाकावं लागेल, तेवढाच त्रास.

राउटरच्या वॅन (इंटरनेट जोडणीच्या) पानावर तुमचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांतल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे इंटरनेट कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. मग पोर्ट फॉरवर्ड करूनही बाहेरून कुणी पोचणार नाही. तेव्हा आधी तो पत्ता बघा.