जुनी विक्रांत, म्हणजे भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका, कोणत्या वर्गातली होती? तिच्या जोडीच्या बाकी जहाजांचं काय झालं?

मॅजेस्टिक वर्गातली, म्हणजे त्या नावाच्या एकाच आराखड्यावर बांधलेल्या जहाजांपैकी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला विमानवाहू जहाजं झटपट हवी होती, म्हणून व्यापारी जहाजं बांधणाऱ्या गोद्यांनाही जमेल असा साधा आराखडा केला गेला. जाड चिलखत नाही, युद्धापुरती टिकली तरी पुरे असा हिशोब. सहा जहाजांचं काम सुरू झालं आणि युद्धच संपलं.

ब्रिटिश नौदलाने यातलं एकही विमानवाहू म्हणून स्वतःसाठी पूर्ण केलं नाही. दोन ऑस्ट्रेलियाकडे गेली (सिडनी, मेलबर्न), दोन कॅनडाकडे (मॅग्निफिसंट, बोनाव्हेंचर). लेव्हायथन अर्धवटच राहिलं आणि भंगारात गेलं.

सहावं हर्क्युलिस. १९४५ मध्ये जलावतरण, मग दहाएक वर्षं नुसतं पडून. १९५७ मध्ये भारताने ते घेतलं, तिरकी धावपट्टी आणि वाफेचं कॅटापुल्ट (विमानाला वेगाने ढकलून उडवणारं यंत्र) बसवून पूर्ण करून घेतलं आणि ४ मार्च १९६१ ला बेलफास्टमध्ये ते 'विक्रांत' म्हणून नौदलात दाखल झालं. १९७१ च्या युद्धात बॉयलरला तडे गेलेले असल्याने वेग कमी ठेवावा लागत होता. तशाही अवस्थेत तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले केले. मला या वर्गाच्या इतिहासातलं हेच पान सर्वात मोठं वाटतं.

१९९७ मध्ये ती निवृत्त झाली. पुढे मुंबईत काही वर्षं संग्रहालय होती, २०१४ मध्ये मोडीत निघाली. तिला जपायला हवं होतं, ही हळहळ अजून जात नाही.