वरिष्ठांचं इंग्रजीत कौतुक करायचंय, पण मस्का वाटू द्यायचा नाही. कसं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑफिसात इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांबरोबर काम असतं. एखाद्याचं काम मनापासून आवडलं तरी तोंडातून 'गुड', 'नाइस', 'व्हेरी गुड' याच्या पुढे काही निघत नाही. जरा जास्त बोललं की मस्का मारल्यासारखं वाटतं. त्यात आता तुमची मँचेस्टरची मॅनेजर कंपनी सोडतेय आणि तिच्या निरोपाच्या कार्डवर काय लिहावं ते सुचत नाहीये. मी पुण्यात अशाच एका टीममध्ये आहे आणि नव्या मुलांचे मेल पाठवण्याआधी बघून देणं हे बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी शब्दांची काळजी सोडा. जोन मेन्स आणि नेसा वुल्फसन या दोन अभ्यासक स्त्रियांनी अमेरिकेत लोकांच्या रोजच्या बोलण्यातली ६८६ कौतुकाची वाक्यं गोळा केली होती, त्यावरचा त्यांचा लेख १९८१ साली आला. त्यात निम्म्याहून जास्त वाक्यं एकाच साच्यातली निघाली: अमुक 'इज' किंवा 'लुक्स', मध्ये वाटलंच तर 'रिअली', आणि शेवटी विशेषण. असे तीन साचे धरले की जवळपास ८५ टक्के कौतुक त्यात बसतं. विशेषणांचं तर त्याहून मजेशीर आहे. दोन तृतीयांश वेळा लोक पाचच शब्द वापरत होते: नाइस, गुड, ब्यूटिफुल, प्रिटी आणि ग्रेट. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांचंच असं आहे म्हटल्यावर तुम्ही 'मार्व्हलस' नि 'मॅग्निफिसंट' पाठ करत बसायची काहीच गरज नाही. तुमच्याकडे आहेत ते शब्द पुरेसे आहेत.

मग अडतं कुठे? माझ्या मते, आपला आदर मराठीत शब्दांवर अवलंबूनच नसतो, तिथे अडतं. 'जोशी सर आलेत', 'काकू, तुम्ही बसा', 'आपण सांगाल तसं' यात आदर सांगणारं एकही विशेषण नाही, तरी तो प्रत्येक क्रियापदात भरलेला आहे. एखाद्याला आपण 'अहो' म्हणतो की 'अरे', एवढ्यावर सगळं कळतं. इंग्रजीत ही सोय राहिलेली नाही. पूर्वी होती. 'दाउ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे अनेकांना किंवा मान द्यायच्या माणसाला तुम्ही. पुढे सगळेच एकमेकांना 'यू' म्हणायला लागले आणि सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'दाउ' रोजच्या बोलण्यातून जवळपास गेला; प्रार्थनांत आणि उत्तर इंग्लंडच्या काही बोलींत तेवढा उरला. त्यामुळे आज तिथे सीईओ पण 'यू' आणि चहा देणारा पोरगा पण 'यू'. व्याकरण तुमच्यासाठी आदर वाहून नेणार नाही. तो तुम्ही काय सांगता त्यातूनच पोचवावा लागतो.

इथेच आपली मुलं 'रिस्पेक्टेड सर', 'सर' आणि 'काइंडली' यांचा मारा करतात. भारतातल्या कंपनीत चालतं, सरकारी पत्रात तर शोभूनच दिसतं. पण ब्रिटिश किंवा अमेरिकन मॅनेजरने पहिल्याच दिवशी नावाने हाक मारायला सांगितलं असेल, तर नावानेच मारा. त्यात उद्धटपणा नाही. उलट सांगूनही 'सर' म्हणत राहिलात तर तुम्ही मुद्दाम अंतर ठेवताय असं त्यांना वाटू शकतं. शिवाय आपण नावाला पुढे 'सर' जोडतो तसं तिथे होत नाही. तिथे 'सर' नावाआधी लागतो तो राजघराण्याकडून किताब मिळालेल्यांना. आपल्या मुंबईच्या सर जे. जे. हॉस्पिटलमधला 'सर' तोच आहे. जमशेटजी जिजीभाईंना तो किताब १८४२ मध्ये मिळाला होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कौतुकाला दिशा असते. आपण वडिलांना 'शाब्बास' म्हणत नाही. म्हणणं चूक आहे असं कुणी शिकवलेलं नसतं, पण जिभेवर येतच नाही, कारण शाब्बासकी वरून खाली येते. इंग्रजीतही असे वरून खाली येणारे शब्द आहेत: 'वेल डन', 'गुड जॉब', 'कीप इट अप', 'आय ॲम प्राउड ऑफ यू'. आपल्याकडे हे सर्रास वर पाठवले जातात. कंपनीच्या डायरेक्टरच्या पोस्टखाली नुकताच रुजू झालेला मुलगा 'कीप इट अप सर' लिहितो, हे मी नेहमी बघते. त्याच्या मनात आदरच असतो, पण वाक्य मास्तरांनी वहीवर शेरा मारावा तसं उमटतं. बरोबरीच्या सहकाऱ्याला 'नाइस वर्क' किंवा 'ग्रेट जॉब ऑन द रिपोर्ट' खुशाल म्हणा, ते छान वाटतं. वरच्या माणसाला मात्र त्याच्या कामाला मार्क देऊ नका. त्याच्या कामाने तुम्हाला काय मिळालं ते सांगा.

समजा, एका कॉलवर क्लाएंट चिडलेला होता. तुमच्या मॅनेजरने त्याला मध्ये न तोडता पूर्ण बोलू दिलं, मग शांतपणे दोन प्रश्न विचारले आणि प्रकरण निवळलं. यावर 'यू आर अ व्हेरी गुड मॅनेजर' म्हणालात तर ती हसून 'थँक्यू' म्हणेल आणि विसरून जाईल. त्याऐवजी म्हणा: 'आय रिअली लाइक्ड द वे यू लेट हिम फिनिश. आय लर्न्ड अ लॉट फ्रॉम दॅट कॉल.' शब्द सगळे पाचवीतले आहेत. पण तुम्ही नीट बघत होतात, नेमकं काय घडलं ते तुम्हाला कळलं, आणि तुम्ही त्यातून काही घेतलं, या तिन्ही गोष्टी तिला कळल्या. इंग्रजीत आदर म्हणतात तो हाच.

'द वे यू' हा तुकडा खिशात ठेवा. 'आय ॲडमायर द वे यू', 'आय रिअली ॲप्रिशिएट द वे यू', आणि पुढे त्या माणसाने केलेली खरी कृती. कृती घडून गेलेली असेल तर ती भूतकाळात लिहा: 'हँडल्ड', 'एक्सप्लेन्ड', 'स्टेड काम'. आपल्या मेलमध्ये तिथे 'यू आर हँडलिंग' येतं, ते टाळा. आणि 'ॲप्रिशिएट'ला कर्म द्यायला विसरू नका. 'आय वुड ॲप्रिशिएट इफ' हे अर्धवट आहे, मध्ये 'इट' लागतो. अभिनंदन करताना 'काँग्रॅच्युलेशन्स ऑन' म्हणायचं. आपण 'फॉर' म्हणतो कारण मराठीत बढतीबद्दल अभिनंदन असतं आणि 'बद्दल'चं आपण 'फॉर' करून टाकतो.

मस्का वाटण्याच्या भीतीबद्दल. ही भीती आपल्यात खोल आहे आणि मला ती चांगलीच वाटते. तोंडावर कौतुक करू नये, पोराला दृष्ट लागेल, कुणाला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नये, हे सगळं ऐकत आपण वाढलो. त्यामुळे इंग्रजीत बोलायची वेळ आली की आपण एक तर गप्प बसतो, नाही तर एकदम 'यू आर द बेस्ट, सर, यू आर माय इन्स्पिरेशन' पर्यंत जातो. मी मेल तपासताना एक साधी चाचणी लावते: हेच वाक्य जसंच्या तसं दुसऱ्या कुठल्या साहेबाला पाठवता येईल का? येत असेल तर तो मस्का आहे, कितीही मनापासून लिहिलेला असला तरी. त्या एका माणसालाच लागू पडत असेल तर बिनधास्त पाठवा. दुसरं म्हणजे कौतुक केलंत की तिथेच थांबा. त्याच मेलमध्ये खाली रजा किंवा अप्रेझलचा विषय काढलात तर वरचं सगळं वाया जातं, मग ते खरं असलं तरी.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार कमी केली जाते, आणि मला ती सगळ्यात जास्त आवडते: माणसाचं कौतुक त्याच्या वरिष्ठाकडे करणं. सपोर्टच्या कुणीतरी रात्री उशिरापर्यंत थांबून तुमचं काम करून दिलं, तर त्याच्या मॅनेजरला दोन ओळी टाका: 'आय जस्ट वॉन्टेड टु लेट यू नो हाउ हेल्पफुल ही वॉज लास्ट नाइट.' त्याला सीसीमध्ये ठेवा. यात मस्क्याचा प्रश्नच येत नाही, कारण तुम्हाला काही मिळवायचं नसतं, आणि त्या माणसाला वर्षाअखेर त्याचा खरोखर उपयोग होऊ शकतो.

ब्रिटिश लोकांबाबत थोडं जपून. 'नॉट बॅड' हे त्यांच्याकडे बऱ्याचदा चक्क कौतुक असतं. 'क्वाइट गुड' मात्र उलटं आहे: अमेरिकन माणूस म्हणाला तर चांगलंच आवडलंय, ब्रिटिश म्हणाला तर 'ठीक आहे, बरं आहे' इतकंच. म्हणून तुम्ही स्वतः ब्रिटिश मॅनेजरच्या कामाला 'क्वाइट गुड' म्हणू नका. आणि आदर दाखवायला 'विथ ड्यू रिस्पेक्ट' किंवा 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' वापरू नका. त्यात 'रिस्पेक्ट' असला तरी तो मतभेदाआधी वाजणारा भोंगा आहे. ऐकणारा लगेच सावरून बसतो. आदरच सांगायचा असेल तर 'आय हॅव अ लॉट ऑफ रिस्पेक्ट फॉर' म्हणा आणि पुढे माणसाऐवजी त्याने केलेली गोष्ट ठेवा. तुमच्यापेक्षा अनुभवाने मोठ्या माणसाबद्दल तिसऱ्याशी बोलताना 'आय रिअली लुक अप टु हर' फार छान वाटतं.

दिसण्याबद्दल ऑफिसात न बोललेलंच बरं. कपड्यांपर्यंत चालतं, शरीर, वजन, रंग यावर नको, कौतुक म्हणूनही नको. 'यू हॅव लॉस्ट वेट' हे आपल्याकडे भेटल्याबरोबर म्हणतात, तिथे ते आगाऊपणाचं आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण कौतुक घेताही यायला हवं. संभाषणाच्या अभ्यासक अनिता पोमरान्ट्झ यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं की कौतुक ऐकणारा दोन्हीकडून ओढला जातो: समोरच्याशी सहमतही व्हायचं असतं आणि स्वतःची फुशारकीही मारायची नसते. म्हणूनच नवी साडी छान आहे म्हटल्यावर आपण 'अगं, सेलमध्ये घेतलीय' म्हणतो. अमेरिकन बाईही तिच्या ड्रेसबद्दल हेच सांगते, त्यात आपण वेगळे नाही. पण कामाबद्दल कुणी चांगलं बोललं तर 'नो नो, इट्स नथिंग' म्हणून ते झटकून टाकू नका. ज्याने वेळ काढून ते सांगितलं त्याचं म्हणणंच खोडल्यासारखं होतं. 'थँक यू, आय ॲम ग्लॅड इट हेल्प्ड' एवढं म्हणा. सोबत कुणी राबलं असेल तर त्याचं नाव तिथेच घ्या. आणि ज्यांना तुम्ही मानता अशा कुणी कौतुक केलं तर 'दॅट मीन्स अ लॉट, कमिंग फ्रॉम यू'. या एका वाक्यात तुम्ही कौतुक स्वीकारताही आणि आदर परतही करता.

आता तुमचं कार्ड. आपल्या निरोप समारंभातली विशेषणं ठरलेली असतात: कष्टाळू, मनमिळाऊ, सदा हसतमुख. त्याचं इंग्रजी होतं 'हार्डवर्किंग, जॉली, हेल्पिंग नेचर'. 'हेल्पिंग नेचर' हे आपल्याकडचंच इंग्रजी आहे, मँचेस्टरमध्ये कुणी असं म्हणत नाही. विशेषणं बाजूला ठेवा. बसा आणि आठवा, तिने तुमच्यासाठी कधी काय केलं. तुम्ही लिहिलंय की तुमच्या पहिल्या रिलीजच्या वेळी, म्हणजे तुम्ही केलेलं सॉफ्टवेअर पहिल्यांदा वापरात गेलं तेव्हा, काहीतरी बिघडलं आणि तिने कुणाला दोष न देता तुमच्याबरोबर बसून लॉग, म्हणजे सिस्टीमने ठेवलेल्या नोंदी, वाचले. बस, कार्डात हेच हवं. मी असं लिहीन:

'व्हेन माय फर्स्ट रिलीज वेंट राँग, यू डिडन्ट आस्क हू डिड इट. यू सॅट डाउन अँड रेड द लॉग्ज विथ मी. आय ट्राय टु डू द सेम फॉर द न्यू पीपल नाउ. थँक यू. आय विल मिस वर्किंग विथ यू.'

शेवटच्या वाक्याआधी 'इट हॅज बीन अ प्लेझर' घालावंसं वाटलं तर घाला, पण कार्डावर बाकी दहा जणांनी तेच लिहिलेलं असेल. खाली 'थँक्स अँड रिगार्ड्स' नको, तो मेलचा शेवट आहे; फक्त नाव लिहा. नाव पूर्ण आणि वाचता येईल असं लिहा, कारण इतक्या सह्यांत तिला नंतर शोधायला लागतं कुणी काय लिहिलं ते. आणि तिच्या शेवटच्या दिवसाआधी कॉलवर भेट होणार असेल, तर यातली मधली दोन वाक्यं प्रत्यक्षही बोला. पाठ करून नको, तुटक झाली तरी चालतील.