भाषा आणि शिक्षणावरच्या विद्यापीठातल्या व्याख्यानांचा, संशोधनाचा खेड्यातल्या शाळेला काही उपयोग होतो का?

तुम्ही विचारलंय की एम.ए. झाल्यावर भाषा, संवाद आणि शिक्षण या विषयात पीएच.डी. करायची आहे, तर चर्चासत्रांना जाऊन खरंच काही मिळतं का आणि खेड्यातल्या शाळेत काम करायचं तर सुरुवात कुठून करावी. मी प्राध्यापक नाही. अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते, १९ वर्षं झाली. पण तुमचा प्रश्न वाचला आणि कपाटातून एक जुनी फाइल काढून बसले, त्यामुळे उत्तर लांबणार.

व्याख्यानांना जा, मिळतं. पण आधी हे ऐका.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेवर एक संशोधक आले होते, विषय होता ग्रामीण विद्यार्थ्यांची भाषिक क्षमता. माणूस चांगला होता, पोरांशी प्रेमानं वागला, खोटं कशाला बोलू. पद्धत अशी की तिसरीच्या एकेका पोराला समोर बसवायचं, ४० चित्रं दाखवायची, हे काय आहे विचारायचं आणि कागदावर बरोबर की चूक ती खूण करायची. मी दाराशी वह्या तपासत बसले होते, सगळं ऐकू येत होतं. एक पोट्टी होती माझ्या वर्गात, वाचनात बऱ्यापैकी आणि बोलण्यात तर कोणालाच ऐकत नव्हती. पेरूचं चित्र आलं, ती म्हणे जांब. चूक. कोथिंबीर आली, म्हणे सांबार. चूक. टमाटरला भेदरं म्हणाली, बटाट्याला आलू, विहिरीला ईर, बैलगाडीला बंडी, सगळ्यावर फुली. मग कापसाच्या झाडाचं चित्र आलं आणि ती एकदम खुशीत ओरडली, "पऱ्हाटी व्हय ना थे!" त्यावरही फुली, कारण उत्तरसूचीत लिहिलं होतं 'कापसाचे झाड'.

पऱ्हाटी चूक कशी हो? आमच्याकडं झाड म्हणजे पऱ्हाटी, त्याला लागतं ते बोंड, बोंड फुटून निघतो तो कापूस, कापसातलं बी म्हणजे सरकी, आणि वेचे संपल्यावर वावरात उभं वाळलेलं जे चुलीसाठी उपटून आणतो त्या पऱ्हाट्या. प्रत्येक गोष्टीला आपला नेमका शब्द आहे आणि त्या पोरीला ते सगळे माहीत होते, कारण ती दिवाळीच्या सुट्ट्यांत आईसोबत वेचायला जायची. 'कापसाचे झाड' असं आमच्या गावात कोणी कास्तकार आयुष्यात बोलला नसेल. मग नेमका शब्द कोणाचा, तिचा की त्या सूचीचा?

पण मला जे लागलं ते पुढचं आहे. सात-आठ चित्रांनंतर पोरीचं लक्ष त्या खुणांकडं गेलं. पेन आडवं-तिडवं फिरलं की काय होतं हे तिसरीतल्या लेकराला कळतं ना. मग ती हळूहळू बोलायची थांबली. नंतरच्या चित्रांना नुसती मान हलवत होती, आणि कागदावर त्याचं झालं 'प्रतिसाद नाही'. म्हणजे आधी बोलणाऱ्याला गप्प केलं आणि मग गप्प आहे म्हणून नोंद केली.

पुढं जिल्ह्याच्या गावी एका कॉलेजात चर्चासत्र झालं, शिक्षकांनाही बोलावलं होतं. तेच संशोधक बोलायला उभे होते. पडद्यावर आलेख, शाळांची नावं नव्हती, नुसते नंबर होते, पण आमची शाळा कोणती हे मला लगेच कळलं, सगळ्यात बुटका खांब. खाली वाक्य होतं, 'शब्दसंग्रह अत्यंत मर्यादित'. मी उभी राहिले आणि विचारलं की सर, उत्तरसूची कोणी केली आणि कुठं बसून केली? ते म्हणाले, मॅडम, चाचणी प्रमाणित आहे, बोलीतली उत्तरं धरली तर शाळाशाळांची तुलना करता येणार नाही. मी पऱ्हाटीचं सांगायला लागले तर अध्यक्षांनी वेळ संपल्याचं सांगितलं. बसले मी खाली. हात थरथरत होते.

तरीसुद्धा व्याख्यानांना जा म्हणते ते याच्यासाठी, की त्याच दिवशी जेवणाच्या रांगेत एका वयस्कर मॅडमनी मला विल्यम लबॉव्हचं नाव सांगितलं. निमंत्रणपत्रिकेच्या मागं लिहून घेतलं आणि नंतर शोधून वाचलं. अमेरिकेतला भाषाशास्त्रज्ञ, १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये काम केलं. तेव्हा तिकडचे काही शिक्षणतज्ज्ञ म्हणायचे की काळ्या वस्तीतल्या पोरांना भाषाच नाही. लबॉव्हच्या १९६९ च्या लेखात ८ वर्षांचा एक पोरगा आहे, मुलाखतीत एकेका शब्दाच्या पुढं जात नाही. विचारणारा त्याच भागात वाढलेला, काळाच माणूस, तरी नाही. मग दुसऱ्यांदा त्या माणसानं चिप्सचं पाकीट आणलं, पोराच्या जिवलग मित्राला सोबत घेतलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसला. पोरगा थांबेचना, दोघं एकमेकांचं बोलणं तोडून बोलायला लागले. लबॉव्हचं म्हणणं एवढंच की पोरगं किती बोलतं हे त्याच्या डोक्यावर कमी आणि समोर कोण, कसं बसलंय त्यावर जास्त ठरतं. पुढं १९७९ मध्ये मिशिगनच्या अ‍ॅन आर्बरमध्ये कोर्टानं सांगितलं की वाचायला शिकवताना पोरांची घरची बोली शाळेनं लक्षात घेतलीच पाहिजे. हे वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागी होते.

त्या सरांनी चित्रांचा एक झेरॉक्स संच शाळेत ठेवला होता. तोच घेतला, पोरांना निंबाच्या झाडाखाली गोल बसवलं, मीही खाली बसले. हे काय असं विचारलंच नाही, याच्याबद्दल सांगा म्हटलं. ईरीचं चित्र निघालं आणि तीच पोट्टी सुरू झाली, "मॅडम, आमच्या मोठ्या बाबाच्या वावरात ईर हाये, तिचं पानी इतकं खारं हाये का बैलंबी तोंड लावत नाई, अन् तीत बकरी पडली होती, मंग बाबा दोर बांधून उतरले..." आमचा भाग खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी पिता येत नाही, हे भूगोलात मी जे शिकवणार होते ते तिनं बकरीच्या गोष्टीत सांगून टाकलं. पोरांचे सगळे शब्द मी प्रत्येक चित्राच्या मागं पेन्सिलीनं लिहून ठेवले.

एक पोरगा तेव्हाही गप्पच राहिला. त्याचे आईवडील मेळघाटातून कामाला आलेले, घरात कोरकू. आमची वऱ्हाडी ही मराठीचीच बोली आहे, पण कोरकू मराठीच्या कुळातलीच नाही, ती मुंडा भाषांपैकी, संथाळी-मुंडारीच्या नात्यातली. त्याच्यासाठी 'विहीर' आणि 'ईर' दोन्ही परकेच. त्याला बोलतं करायला मला सहा महिने लागले, आणि मला कोरकू येत नाही म्हणून लागले, त्याला अक्कल कमी म्हणून नाही. त्याचाही आलेखात शून्याजवळचाच आकडा होता.

अजून एक सांगते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळीकडं लीळाचरित्राचं नाव घेतलं गेलं. ते तेराव्या शतकात आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं, आता तिथं मराठी भाषा विद्यापीठही झालंय, मला त्याचा फार अभिमान आहे. मग जुनेपणा सिद्ध करायला वऱ्हाडाची माती चालते आणि त्याच मातीतलं लेकरू पऱ्हाटी म्हणालं तर फुली, हे मला पटत नाही आणि कधी पटणारही नाही. इंग्रजांच्या काळात ग्रिअर्सन नावाच्या अधिकाऱ्यानं भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण केलं, त्यातला मराठीचा खंड १९०५ चा, त्यात वऱ्हाडीचे नमुने वेगळे छापलेले आहेत. इंग्रजांच्या नोकरीतल्या माणसानं जे ऐकून लिहून ठेवलं ते आपल्याला तिसरीच्या वर्गात ऐकू येऊ नये?

तुमच्या सुरुवातीचं म्हणाल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रणं ऑनलाइन ठेवली आहेत, ती आधी ऐका. ज्या गावात काम करायचं तिथं पंधरा दिवस नुसतं राहा, वही न काढता. उत्तरसूची गावच्या आयाबायांना दाखवल्याशिवाय वापरू नका. कोणाचं पेपरवाचन ऐकाल तर सूची कुठून आली ते विचारा, अध्यक्ष बसा म्हणाले तरी विचारा.

हेही सांगायला पाहिजे की मी प्रमाण मराठी शिकवू नका म्हणत नाही. स्कॉलरशिपच्या पेपरात विहीरच येणार, म्हणून मी फळ्यावर ईर आणि विहीर दोन्ही लिहिते. कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स म्हणतात की रोजच्या बोलण्याची दुसरी भाषा दोनेक वर्षांत येते, पण अभ्यासाची भाषा यायला ५ ते ७ वर्षं लागतात. ते परदेशातून आलेल्या पोरांबद्दल आहे, पण कोरकू पोराला मी तोच हिशोब लावते, आणि २०२० चं शैक्षणिक धोरण जमेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं ते मला त्यामुळंच बरोबर वाटतं. आणि त्या सरांचंही एक खरं होतं, तुलना करायची तर माप एक लागतं. पण मग पेपरचं नाव 'प्रमाण शब्दांची ओळख' ठेवायचं होतं. 'भाषिक क्षमता' नाही. त्या दिवशी मला एवढंच म्हणायचं होतं.

चित्रांचा संच अजून माझ्याकडं आहे, पेन्सिलीची अक्षरं थोडी पुसट झालीत पण वाचता येतात. कामाचा असेल तर कळवा, दोन्ही बाजूंचा झेरॉक्स काढून पाठवते.