वाचकांचे प्रश्न : काँगोतील बंड आणि सत्तासंघर्ष

प्रश्न : बेल्जियमच्या ताब्यातील काँगो ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाला आणि आठवडाभरातच तेथील सैनिकांनी बंड केले. जमातींमधील जुने वैर हे त्याचे कारण सांगितले जाते. ते कितपत खरे आहे?

उत्तर : जमातींमधील वैर पुढच्या काळात, विशेषतः कसाई प्रांतात, रक्तरंजित ठरले हे खरे, परंतु बंडाचा उगम त्यात नव्हता. सुमारे २५ हजार सैनिकांच्या ‘फोर्स प्युब्लिक’ या वसाहतकालीन सैन्यात स्वातंत्र्याच्या दिवशी एकही काँगोली अधिकारी नव्हता. राजकीय नेते मंत्री झाले, कारकून मोठ्या पदांवर चढले, मात्र शिपायावर हुकूम चालवणारा बेल्जियन अधिकारी होता तेथेच राहिला. ५ जुलै रोजी सेनापती जनरल यान्सेन्स यांनी लिओपोल्डविल (आजचे किन्शासा) येथे सैनिकांना एकत्र बोलावले आणि फळ्यावर खडूने लिहिले : ‘स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर’. शिस्त राखण्यासाठी उचललेल्या या पावलाने ठिणगी पडली, आणि त्याच दिवशी थाइसविलच्या छावणीतही सैनिक उठले. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांनी यान्सेन्स यांना दूर करून सैनिकांना एकेक पायरी बढती दिली. पण तोवर गोरे रहिवासी पळू लागले होते, आणि त्यांच्या रक्षणाचे कारण देऊन बेल्जियमने नव्या सरकारच्या संमतीशिवाय फौजा उतरवल्या.

११ जुलैला कटांगाच्या प्रांतिक सरकारचे प्रमुख मोइस त्शोम्बे यांनी तो प्रांत वेगळा झाल्याचे जाहीर केले. तांबे आणि कोबाल्टच्या खाणींमुळे देशाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा याच प्रांतातून येत असे. ‘युनियन मिनिएर’ ही खाण कंपनी आपला कर केंद्राऐवजी त्शोम्बे यांच्याकडे भरू लागली, आणि बेल्जियन अधिकाऱ्यांनी त्यांचे सैन्य उभे करून दिले. हा आधार नसता, तर हे फुटीर राज्य जानेवारी १९६३ पर्यंत तग धरू शकले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : राष्ट्राध्यक्ष जोसेफ कासाव्हुबू आणि लुमुंबा यांनी एकमेकांना बडतर्फ केले. त्यांपैकी कोणाची कृती कायदेशीर होती?

उत्तर : देशाचा हंगामी मूलभूत कायदा बेल्जियमच्या संसदेने मे १९६० मध्ये संमत केला होता आणि त्याचा साचा बेल्जियमच्या राज्यघटनेचाच होता. पंतप्रधानाची नेमणूक आणि बडतर्फी राष्ट्रप्रमुखाकडे सोपवणारे कलम त्यात होते. बेल्जियममध्ये राजाचा असा अधिकार कागदापुरता असतो, कारण संसदेचा विश्वास असलेल्या सरकारला राजा घालवत नाही. काँगोत मात्र हा संकेत रुजायला वेळच मिळाला नव्हता. ५ सप्टेंबरला कासाव्हुबू यांनी रेडिओवरून लुमुंबांना काढल्याचे सांगितले, तेव्हा कलमाची अक्षरे त्यांच्या बाजूने होती. उलट राष्ट्राध्यक्षांना दूर करण्याचा लुमुंबांचा निर्णय कोणत्याही कलमात बसत नव्हता. तथापि प्रतिनिधिगृहाने दोन्ही बडतर्फ्या रद्दबातल ठरवल्या आणि सिनेटनेही लुमुंबांची पाठराखण केली. अनेक वृत्तांतांत गाळला जाणारा हा तपशील मला निर्णायक वाटतो, कारण पेच सोडवू शकणारी संस्था अस्तित्वात होती आणि ती कामही करत होती.

तिला संधी मिळाली नाही. १४ सप्टेंबरला सेनाप्रमुख कर्नल जोसेफ मोबुटू यांनी दोन्ही नेत्यांना निष्प्रभ केल्याची घोषणा केली आणि संसद बंद पाडली. प्रत्यक्षात कासाव्हुबू पदावर राहिले, तर लुमुंबा नजरकैदेत गेले. नोव्हेंबरअखेरीस ते तेथून निसटले, पण समर्थकांच्या स्टॅनलीविलला (आजचे किसांगानी) पोहोचण्याआधीच पकडले गेले. १७ जानेवारी १९६१ रोजी त्यांना विमानाने कटांगात, म्हणजे त्यांच्या कट्टर शत्रूंच्या हाती पाठवण्यात आले आणि त्याच रात्री बेल्जियन अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत गोळ्या घालण्यात आल्या. या हत्येतील आपल्या नैतिक जबाबदारीबद्दल बेल्जियम सरकारने २००२ मध्ये माफी मागितली. मोबुटू यांनी नोव्हेंबर १९६५ मध्ये कासाव्हुबू यांनाही हटवले आणि मे १९९७ पर्यंत सत्ता सोडली नाही.